डाव्या हाताचा व्यायाम

सलूनच्या खुर्चीत डोळे मिटून पेंगणाऱ्या व्यायामकाकांनी डोळे उघडले आणि ते ताडकन सरळ बसले. आरशातल्या माणसाला मिशी अर्धीच होती.

"अरे, हे काय करून ठेवलंस?"

"जरा गडबड झाली, काका," सलूनवाला कात्री पाठीमागे लपवत म्हणाला. "डाव्या हाताने करत होतो ना."

"तू डावखुरा कधीपासून झालास?"

"तुम्हीच नाही का सांगितलंत? नेहमीचं काम उलट्या हाताने केलं की मेंदू तरतरीत राहतो, म्हातारपणी विसरायला होत नाही. आता माझं नेहमीचं काम म्हणजे हेच!"

"अरे, मी दात घासण्याबद्दल बोलत होतो!"

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून काका दिसेल त्याला व्यायाम शिकवत, म्हणून तर हे नाव पडलेलं. पण त्यामागे एक धास्ती होती. घरी त्यांची आई त्यांना ओळखेनाशी झाली होती. रोज संध्याकाळी ते शेजारी जाऊन बसले की ती विचारायची, "पोस्टमन, माझं पत्र आलं का हो?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा काका न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले होते. उद्या आपलंही असंच झालं तर, या विचाराने त्यांची झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, "चाला, रक्तदाब सांभाळा, नीट झोपा, माणसांत मिसळा. धोका कमी होऊ शकतो, हमी मात्र देता येत नाही." काकांनी त्यातलं शेवटचं वाक्य सोयीस्करपणे गाळलं आणि डाव्या हाताचं कलम फोनवरच्या कुठल्याशा व्हिडिओतून उचलून स्वतःच जोडलं. तेच आता त्यांच्या ओठावर उलटलं होतं.

"निदान दुसरी बाजू तरी उजव्या हाताने कर, बाबा."

सलूनवाल्याने उजव्या हाताने केली, पण दोन्ही बाजू काही जुळेनात. ती बाजू जास्त गेली म्हणून ही कमी केली, ही कमी झाली म्हणून ती. शेवटी ओठावर माशी बसल्यासारखा एक ठिपका उरला. "हाही काढ," काका हताशपणे म्हणाले. चाळीस वर्षांची मिशी केरसुणीखाली गेली.

इमारतीच्या फाटकावर वॉचमनने हात आडवा घातला. "कुणाकडे जायचंय?"

"माझ्याकडे!"

"तुम्ही कोण?"

काकांनी आवाज चढवला तेव्हा कुठे त्याने ओळखलं आणि तो तोंडाला रुमाल लावून बाजूला झाला. रोज सकाळी बरोबर चालायला येणारे शेजारी जिन्यात अगदी खेटून गेले, पण त्यांनीही ओळखलं नाही. काकूंनी दार उघडलं आणि त्यांच्या हातातली वाटी खाली पडली.

"अगं बाई! अहो, हे काय ध्यान! आईंसमोर जाऊ नका हं. पोस्टमन म्हणतात तोवर ठीक आहे, आता चोर समजून किंचाळतील."

कसाबसा जमवलेला पोस्टमनचा मानही आता जाणार. काका चोरपावलांनी खोलीकडे निघाले, पण वाटी पडल्याच्या आवाजाने खिडकीशी बसलेल्या आईने मान वळवली होती.

"बाळ, आज इतका उशीर?"

काका जागच्या जागी खिळले. काकूंनी दाराची चौकट धरली.

"ये ना. तोंड किती सुकलंय तुझं. जेवलास का काही?"

काका खुर्चीपाशी खालीच बसले. आईने त्यांच्या गुळगुळीत गालावरून हात फिरवला. नोकरी लागल्यावर त्यांनी मिशी ठेवली होती. आईला सापडला होता तो त्याआधीचा मुलगा. काकांचे डोळे भरून आले. हसावं की रडावं, त्यांना कळेना.

"तुला एक सांगायचंय," आईने आवाज हळू केला. "तो मिशीवाला पोस्टमन रोज येऊन माझ्यापाशी बसतो. पत्र एकही आणत नाही."

"मग... बोलू का त्याला?"

"छे, छे! काही बोलू नकोस. फार मायाळू आहे बिचारा. तो आला नाही की मला करमत नाही." तिने दाराकडे पाहिलं. "आज अजून कसा नाही आला रे?"

काकांचा हात आपोआप उघड्या ओठावर गेला.

"येईल, आई," ते म्हणाले. "थोडे दिवस सुट्टीवर आहे."