शिक्केवाल्यांची पारख

“शिष्यवृत्ती ना? आठ दिवसांत आणून देतो,” असं शिक्केवाल्यांनी लेकीला सांगितलं, तेव्हा त्यांना स्वतःलाही ते खरं वाटलं होतं.

रबरी शिक्के बनवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला उभं राहावं लागे. पण गावातल्या निम्म्या कचेऱ्यांचे शिक्के तिथूनच निघालेले. कागद खरा की खोटा हे आपण शिक्क्यावरून लांबूनच ओळखतो, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

लेकीला घरात छकुली म्हणत. छकुली आता वडिलांपेक्षा चार बोटं उंच झाली होती आणि तिला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता. आई जाण्याआधी दोन वर्षं अंथरुणावर होती. तिला रोज धरून उठवायचं, चार पावलं चालवायचं काम छकुलीनेच केलं होतं. दुसरं काही शिकावं असं तिच्या मनातही आलं नाही. फी मात्र दुकानाच्या आवाक्याबाहेरची होती.

पाचव्या दिवशी टपालाने एका शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. छकुलीची निवड झाली होती. शिक्केवाल्यांनी डोळ्याला भिंग लावून त्यावरचा शिक्का पाहिला.

“काय गोलाई आहे. एक अक्षर फुटलेलं नाही.”

“बाबा, आपण यांच्याकडे अर्जच केला नव्हता.”

“तुझे मार्क पोचले असतील त्यांच्यापर्यंत.”

“आणि नोंदणीचे पैसे मागतायत. कॉलेजच्या बाई म्हणाल्या, शिष्यवृत्ती देणारे आधी पैसे मागत नाहीत.”

“तुझ्या बाईंनी आयुष्यात किती शिक्के बनवलेत?”

त्यांनी नोंदणीचे पैसे भरले. मग पडताळणीचे भरले. त्यानंतर पत्रावरचा फोन नंबर कायमचा बंद झाला.

दोन दिवस शिक्केवाले तो बंद नंबरच फिरवत राहिले. तिसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांवर संशय घेऊ लागले. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी बाहेर उभं करून त्याचं ओळखपत्र भिंगाखाली घातलं. दातांच्या डॉक्टरकडून तपासणीची आठवण करायला फोन आला, तर म्हणाले, “माझे दात तुम्हाला कसे माहीत?”

छकुलीने मात्र कॉलेजच्या सूचनाफलकावरची एक शिष्यवृत्ती बघून गुपचूप अर्ज केला होता. वडिलांचा नंबर म्हणून दुकानाचा दिला होता. बाबांच्या जखमेवर मीठ नको, म्हणून घरी बोलली नाही.

शुक्रवारी दुपारी दुकानात फोन वाजला. आवाज एका वयस्क बाईंचा होता.

“तुमच्या मुलीची निवड झालीय. बँकेच्या पासबुकाची प्रत आज पाचपर्यंत हवी. माझ्या मुलीच्या नावाने देते मी ही शिष्यवृत्ती.”

शिक्केवाले सावरून बसले. या वेळी ते सापडणार नव्हते.

“काय करते तुमची मुलगी?”

“ती नाही आता. अकरा वर्षं झाली.”

“काय शिकत होती?”

“फिजिओथेरपीच. दुसऱ्या वर्षाला होती.”

“कॉलेजला कशी जायची?”

“सायकलने. ब्रेक कधी धड नसायचे.”

“डब्यात काय न्यायची?”

“डबा विसरूनच जायची हो. मी मागून पळायचे कोपऱ्यापर्यंत.”

बाई कुठे अडखळेना. उलट सांगतच सुटली होती. चांगली पढवलेली दिसते, असं मनाशी म्हणत शिक्केवाल्यांनी हुकमी पान टाकलं.

“ते सगळं ठीक आहे. पण अशी मुलगी मुळात होती, याला पुरावा काय?”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी जेवताना त्यांनी ही फत्ते रंगवून सांगितली. छकुलीचा घास हातातच राहिला.

“कितीपर्यंत प्रत मागितली होती?”

“पाचपर्यंत. का?”

तिने घड्याळाकडे पाहिलं. साडेसात झाले होते. मग तिने अर्जाची प्रत आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. शिक्केवाल्यांना ती वाचायला भिंग लागलं नाही.

शनिवारी सकाळी दोघं पत्ता शोधत बाईंच्या दारात उभे राहिले. बाई निवृत्त शिक्षिका होत्या. बाहेरच्याच खोलीत टेबलावर अर्जांच्या फायली होत्या. शिक्केवाल्यांनी रस्ताभर घोकलेली माफी तोंडातून निघेना.

“काल मी जे बोललो,” एवढंच त्यांना जमलं.

“बसा,” बाई म्हणाल्या. “यादीतल्या पुढच्या मुलीला मी कालच होकार कळवला. आता तिला नाही म्हणणं माझ्याच्याने होणार नाही.”

“नका म्हणू,” छकुली हळूच म्हणाली.

बाईंनी पाणी आणलं. पेला शिक्केवाल्यांच्या हातात देताना म्हणाल्या, “लोक तिचं नाव निघालं की विषय बदलतात. अकरा वर्षांत तिच्याबद्दल एवढं कोणी विचारलं नव्हतं. शेवटचा प्रश्न सोडला, तर मला काल बरं वाटत होतं बोलायला.”

शिक्केवाल्यांनी पेला तसाच टेबलावर ठेवला.

छकुलीचं ते वर्ष गेलं. ती एका दवाखान्यात नावं नोंदवायच्या कामाला लागली आणि पुन्हा अर्ज भरू लागली. आता बाई तिच्याबरोबर बसून प्रत्येक संस्थेची चौकशी करतात.

दुपारी कधीतरी बाई दुकानात फोन करतात. समोर गिऱ्हाईक ताटकळत असतं, शिक्का कापायचा राहिलेला असतो. शिक्केवाले त्याला हाताने थांबायची खूण करतात आणि फोनमध्ये विचारतात, “बरं, मग सायकलचं पुढे काय झालं?”