एक पॉइंट चारवर वसंतराव

मी चेन्नईत गिंडीच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम मायक्रोमीटर लावून मोजायचं आणि केसभर फरक निघाला तरी माल परत पाठवायचा. असा काटेकोर माणूस घरी एवढा घोळ घालेल असं कुणाला वाटणार नाही. (मधुवंतीला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटतं. पण तिला ते लग्नाच्या दिवसापासूनच वाटतंय.)

तर २००६ साली मी डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्याला माणसांचे फोटो काढायची एक सेकंडहँड लेन्स घेतली. तिच्यावर एक कडी होती. ती फिरवली की आतलं भोक लहानमोठं व्हायचं. एक पॉइंट चारवर नेली की सताड उघडं! दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "सार, फुल ओपन ठेवू नका. फोटो मऊ येतो, पांढऱ्या कपड्यांना जांभळी किनार येते, आणि फोकसच्या एक वीत मागचं सगळं गायब. चारवर ठेवा."

मी मान डोलावली, आणि घरी येऊन कडी एक पॉइंट चारवर नेऊन ठेवली. मे महिन्यातल्या चेन्नईत पंख्याचा रेग्युलेटर पाचावर जात असताना कुणी दोनावर ठेवतं का?

आम्ही राहायचो अड्यारला, वरच्या मजल्यावर. खाली घरमालक वसंतराव आणि त्यांच्या पत्नी कनकाबाई. दोघं मूळ तंजावरचे मराठी. त्यांच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी तिकडे नेलेली मराठी ते तमिळच्या चालीवर बोलत. वसंतरावांना साठ वर्षं पुरी होत होती आणि तिरुवल्लिकेणीच्या एका हॉलमध्ये षष्ट्यब्दपूर्ती ठरली होती. म्हणजे कलशाच्या पाण्यानं स्नान आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न. त्यासाठी दारात बारा फुटी फ्लेक्स हवा होता.

"फोटो तुमीच काढायचा, कृष्णकांतराव," वसंतराव म्हणाले. "स्टुडिओवाला आमाला हसा म्हणतो. आमी हसत नाही."

आमचा भाडेकरार त्याच महिन्यात संपत होता. मी म्हटलं, "काढतोच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गच्चीवर बैठक जमली. कनकाबाई खुर्चीत, कांजीवरम नेसून. मागे पांढऱ्याशुभ्र वेष्टीत (म्हणजे तिकडचं लुंगीसारखं गुंडाळायचं धोतर) आणि उपरण्यात वसंतराव, आणि त्यांच्या मागे धगधगतं आकाश. मी कनकाबाईंच्या नाकातल्या हिऱ्याच्या चमकीवर फोकस केला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या दोन इंची पडद्यावर दोघंही झकास दिसत होते. (दोन इंचात मीसुद्धा झकास दिसतो.) सीडी तशीच फ्लेक्सवाल्याकडे दिली.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा आत विधी सुरू झाले होते आणि फ्लेक्स नुकताच दारात उभा राहिला होता. मधुवंती रिक्षातून उतरली ती उतरल्या जागीच थांबली.

कनकाबाई भव्य दिसत होत्या. चमकीतला एकेक हिरा मोजून घ्यावा. डावा डोळा लख्ख, उजवा किंचित धुक्यात. पण त्यांच्या मागे धुकंच धुकं होतं! त्या धुक्याला माणसाचा आकार होता, चेहरा नव्हता. चष्म्याच्या जागी दोन प्रकाशगोल, आणि डोक्यापासून वेष्टीपर्यंत सभोवार जांभळं तेज.

"मागे कोण आहे?" मधुवंतीनं विचारलं.

"वसंतराव."

ती दचकली. "अगं बाई! कधी?"

"अगं, आत बसलेत! जिवंत आहेत! फोकसमध्ये नाहीत, एवढंच!"

फ्लेक्स उतरवायला मी पुढे धावलो, तोच एक टॅक्सी थांबली. वसंतरावांचे मामा, ऐंशी वर्षांचे संताजीराव, तंजावरहून दोन म्हाताऱ्या बहिणींना घेऊन उतरले. त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं. खालची अक्षरं वाचायला चष्मा हवा होता, तो पिशवीत होता. पण चित्र वाचायला चष्मा लागत नाही.

"अय्यय्यो वसंता!" संताजीरावांनी पायरीवरच बसकण मारली. "आमाला एक फोन तरी करायचा!"

मामा रडतायत म्हटल्यावर बहिणींनीही सूर लावला. मी ओरडलो, "आजोबा, तसं काही नाही!" त्यांना कमी ऐकू येत असावं. त्यांनी वसंतरावांना घालायला आणलेला गुलाबाचा हार काढला आणि मलाच सांगितलं, "पोरा, तू उंच. चढव."

(मी चढवला. ऐंशी वर्षांचा रडणारा माणूस सांगतो तेव्हा हात आपोआप वर जातात.)

रडणं ऐकून आतली सनई थांबली. आणि दारात खुद्द वसंतराव आले. कलशस्नान आत्ताच झालेलं, ओली पांढरी वेष्टी अंगाला चिकटलेली, कपाळाला गंध, अंगातून पाणी निथळतंय.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

संताजीरावांनी वर पाहिलं. "तूच की!" म्हणाले आणि माझ्या अंगावर कलंडले.

पुढची पाच मिनिटं पाणी मारण्यात गेली. पुरोहित घड्याळ दाखवू लागले, मुहूर्त टळत होता. वसंतराव मात्र फ्लेक्ससमोर उभे होते, स्वतःच्या हाराकडे बघत. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

तेवढ्यात कनकाबाई आल्या. बराच वेळ वर बघत राहिल्या.

"इतकी वर्षं," त्या सावकाश म्हणाल्या, "प्रत्येक फोटोंत हे पुढें आणि मी यांच्या खांद्यामागें. माझ्या माहेरचेसुद्धा विचारीत, यांत कनका कुठें? आज पहिल्यानं मी दिसतें हो." आणि डोळ्यांना पदर लावला.

वसंतराव ओशाळून म्हणाले, "खरंच की. ही चमकी कधीची?"

"लग्नांतली! तुमीच दिलेली!"

आणि वसंतराव हसले. पहिल्यांदाच! (माझा कॅमेरा घरी होता.) त्यांनी फ्लेक्सवरचा हार काढला, कनकाबाईंच्या गळ्यात घातला, आणि लग्न लागलं. जेवताना माझ्या पानात पायसम वाढत म्हणाले, "करार उद्यां करूं."

पानावरून उठलो तर संताजीराव वाट बघत उभे. माझा हात धरून म्हणाले, "माझा पण तसाच काढ. गेल्यावर भिंतीला लावायला. जित्या माणसाला गेलेला दाखवायचं काम तुझ्यासारखं कुणाला येत नाही."

तेव्हापासून तंजावरकडचे सगळे म्हातारे माझ्याकडे फोटोला येतात. रविवारी जिन्यात रांग असते. माझी कीर्ती एवढी पसरली आहे, की परवा मधुवंती नवी साडी नेसून आरशासमोर उभी होती, मी हौसेनं कॅमेरा उचलला, तर ती दोन्ही हात पुढे करून ओरडली:

"अहो, थांबा! मला अजून काही झालेलं नाही!"