रावसाहेबांचे जलोपचार

घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्यांपैकी कोणाला तरी जेवण सोडावं लागतं. त्याशिवाय त्या घराला दुःख झालं हे सिद्ध होत नाही. इस्पितळातून फोन आला त्या दिवशी आमच्या घरात मागे राहिलेले दोघेच होते. मी आणि बायकोचा कुत्रा. मी दुपारी जेवलो, कारण सकाळी तिच्यासाठी डबा भरला होता आणि तो वाया गेला असता. कुत्र्याने वाटीला तोंड लावलं नाही. भेटायला आलेल्या सगळ्यांनी दोन्ही गोष्टी नीट पाहिल्या.

तेव्हापासून घरातला अधिकृत शोक कुत्र्याकडे आहे.

ती त्याला रावसाहेब म्हणायची, कारण त्याने जन्मात काही काम केलं नाही. महिनाभर तो दारात बसून राहिला आणि त्याचे मागचे पाय आखडले. मेहुणीला ते बघवलं नाही.

"भाऊजी, तुम्ही काय, पुरुषमाणूस. सावराल," ती म्हणाली. "या मुक्या जिवाने कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

सावरतो, म्हणालो. तिने त्याच आठवड्यात रावसाहेबांचं नाव श्वान जलोपचार केंद्रात घातलं.

जलोपचाराचे फायदे वादातीत आहेत. पाण्यात अंगाचा भार निम्म्याहून कमी होतो, सांध्यांना विश्रांती मिळते आणि स्नायूंना काम मिळतं. (माणसाच्या बाबतीत हे सहसा उलटं असतं.) केंद्रात कोमट पाण्याची काचेची टाकी आहे. तळाशी सरकता पट्टा, त्यावर कुत्र्याने चालायचं. अंगात नारिंगी जाकीट, पाठीवर उचलायला मूठ. पत्रकात लिहिलं आहे की शंभरातल्या नव्वद कुत्र्यांची झोप सुधारते. उरलेल्या दहांची आधीपासूनच चांगली असावी.

प्रत्येक शनिवारी पालकाने एक फॉर्म भरायचा असतो. पालक म्हणजे मी. प्राण्याची झोप कशी आहे? भूक? एकटं सोडल्यावर कसा वागतो? दाराकडे किती वेळ बघत बसतो? मी दिवसभर कामावर असतो. कुत्रा काय करतो ते मला काय ठाऊक? पण माझं काम वजनकाटे तपासण्याचं. रकाना रिकामा सोडणं आमच्या खात्यात गुन्हा समजतात. म्हणून मला ज्याची माहिती होती त्याची लिहिली.

झोप: पहाटे उठतो, स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो, कशाला आलो ते आठवत नाही.

उपचार करणाऱ्या ताईंनी ते वाचलं. "आठवत नाही?"

"वय झालं," मी म्हणालो.

ताईंनी आठवड्याला एक फेरी वाढवली. केंद्राची पद्धत शास्त्रशुद्ध आहे, पाण्यातल्या फेऱ्या फॉर्मवरून ठरतात. पुढच्या शनिवारी मी भुकेबद्दल खरं तेच लिहिलं, आणखी एक फेरी वाढली. तिसऱ्या महिन्यात रावसाहेब आठवड्यातून पाच दिवस पाण्यात चालत होते. मांड्या पैलवानासारख्या झाल्या. त्यांनी फाटकावरून उडी मारली, टपालवाल्याला कोपऱ्यापर्यंत पोचवलं, आणि परत येऊन दोन वाट्या जेवले. कागदावर मात्र प्रकृती खालावत होती.

अशा विसंगतीसाठी केंद्रात तीन डॉक्टरांची समिती आहे. समितीने रावसाहेबांना अर्धा तास तपासलं. (त्यांनी समितीचं एक बिस्किट खाल्लं.) निष्कर्ष निघाला: शरीर उत्तम, मन गंभीर. सूचना छापून मिळाल्या. रुग्णाला एकटं सोडू नये. त्याच्याशी रोज बोलावं. गेलेल्या व्यक्तीचं नाव टाळू नये. चार लोकांत न्यावं. लवकर सावरण्याची घाई करू नये.

इतका समंजस कागद मी आजवर वाचला नव्हता. मेहुणीने तो आमच्या फ्रिजवर चिकटवला आणि अंमलबजावणी सुरू केली. रोज संध्याकाळी येते, त्याच्यासमोर जमिनीवर बसते, बहिणीच्या लहानपणच्या गोष्टी सांगते. मग त्याला बागेत नेते. तिथे लोक त्याची चौकशी करतात, असं ती सांगते. मी तेवढा वेळ घरी असतो. शांतता असते.

मागच्या शनिवारी ताईंनी फॉर्म हातात घेतला आणि पट्टा बंद केला. रावसाहेब पाण्यात उभे राहिले.

"काका, हा फॉर्म यांचाच ना?"

"हो."

"यात लिहिलंय, तिचा मोबाईल अजून चार्ज करून ठेवतो."

"हुशार जात आहे," मी म्हणालो.

ताई हसल्या नाहीत. टाकीच्या काठावर बसून त्यांनी पायावरचं पाणी निथळू दिलं. "यांना आता उपचारांची गरज नाही. मला दाखला द्यावा लागेल."

"मग शनिवारी यायचं नाही?"

मी हे जरा पटकन विचारलं असावं. रावसाहेबांनीही वर बघितलं. गेल्या चार महिन्यांत, झोप लागली का, असं मला विचारणारा तो एकच कागद होता, आणि तो बंद होणार होता.

ताई टेबलापाशी गेल्या. एक कोरा फॉर्म काढला, 'प्राण्याचे नाव' या शब्दांवर रेघ मारली आणि माझ्या हातात दिला. "नियमात माणसांना प्रवेश नाही," त्या म्हणाल्या. "पण फॉर्म मी वाचते. आणि शनिवारी चहा असतो."

जलोपचारांचं महत्त्व वाचकांना पटलं असेलच. इथवर आलेल्यांपैकी बहुतेकांना एकच शंका उरली असणार, ती म्हणजे कुत्र्याचे पाय आता कसे आहेत. उत्तम आहेत. विचारल्याबद्दल आभार.

उद्या शनिवार. फॉर्मवर नाव घातलं आहे, पुढचं भरायचं राहिलं आहे.