वीसवर अडकलेला काटा

मोरोपंत वकिलांच्या मोटारीत समोरच्या फळीवर पाच मीटर होते आणि पाचही खोटं बोलत. पेट्रोलचा काटा टाकी कोरडी पडली तरी ती भरलेलीच दाखवी. तेलाच्या मीटरमधला काटा गळून तळाशी पडला होता. पाणी किती तापलं ते सांगणाऱ्या मीटरची काच फुटून आत कोळ्यानं जाळं केलं होतं. विजेचा काटा उगाचच थरथर कापत असे. आणि वेगाचा काटा वीस मैलांच्या आकड्यावर एकदा जो अडकला, तो चार वर्षांत तसूभर हलला नव्हता.

गाडी दोनच माणसं बसतील अशी, लांब नाकाची, शर्यतीची होती. विलायतेला परत निघालेल्या जंगल खात्यातल्या एका साहेबाकडून मोरोपंतांनी ती घेतली, तेव्हाच ती म्हातारी झालेली होती. पण मीटरांवाचून त्यांचं काही अडत नव्हतं. टाकीत तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, बुडवायची आणि ती कुठवर ओली झाली ते पाहायचं. तुराटीवर त्यांनी चाकूनं खुणा केल्या होत्या. पहिली खूण बडनेरा, दुसरी तिवसा, तिसरी अकोला. तेल संपत आलं की इंजिन खोकायचं आणि पाणी तापलं की वास यायचा. याहून जास्त माहिती माणसाला कशाला हवी असते?

गाडी घरी आली त्याच दिवशी मोरोपंतांच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, सुनेला देवघरात बोलावलं होतं. "मोरू माझं ऐकत नाही, तू ऐकशील," असं म्हणून त्यांनी चारुशीलेच्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं आणि तिच्याकडून वदवून घेतलं, "काटा विसाच्या पुढे गेला तर मी असेन तिथे उतरेन." चारुशीलेनं ते शब्द जसेच्या तसे म्हटले आणि बेल देवाला वाहिला. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी जोडपं परतलं की मनकर्णाबाई ओसरीवरूनच विचारत, "काटा कुठे होता गं?"

"वीसवर, आई."

"शहाणी आहेस," असं म्हणून त्या पुन्हा वाती वळायला लागत.

खरं तर मोरोपंत नागपूर रस्त्याला लागले की गाडी पन्नासच्या खाली आणत नसत. दुपारी निघायचं, तिवशाच्या अलीकडे किसनराव माळ्याच्या मळ्यातून वांगी, मेथी घ्यायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं, हा त्यांचा नेम होता. चारुशीला बसताना एकदा काट्याकडे पाही. तो वीसवर असे. मग ती पदर खोचून घेई आणि बोलायला लागे. घरात अकरा माणसं, वर पक्षकारांची ये-जा, त्यामुळे दिवसभरात नवऱ्याशी तिची चार वाक्यंसुद्धा होत नसत. गाडीत मात्र ती वाऱ्याच्या वर आवाज चढवून बोले. अंजनगावचे पानमळे, लहानपणी विहिरीत पडलेली चुलतबहीण, मोरोपंतांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे कान केवढे मोठे वाटले होते ते, सगळं काही. मोरोपंत ऐकत आणि हसत. बिचारीला वाटतं आपण वीसनं जातोय, असं मनात येऊन त्यांना अधूनमधून चुटपुट लागे. पण आपल्याला तर कोणी काही विचारलेलं नाही, असा वकिली मुद्दा काढून ते स्वतःला निर्दोष सोडत.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एके दिवशी कोर्टातून परतताना नारायणराव वकिलांनी त्यांच्या गाडीत पाय ठेवला. नारायणरावांनी नुकतीच नवी कोरी बंद मोटार घेतली होती आणि ती त्या दिवशी नेमकी धुवायला गेली होती. त्यांनी पाचही मीटर निरखून पाहिले, मग पायाशी पडलेली तुराटी उचलून पाहिली.

"पंत, वेग वीस, पेट्रोल भरपूर, तेल फरार," ते म्हणाले. "असा साक्षीदार मी कोर्टात उभासुद्धा केला नसता."

दुसऱ्या दिवशी हे वाक्य बाररूममध्ये सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. मोरोपंत खटला हरल्यावर हसत, पण गाडीवरून कोणी हसलं की त्यांना जेवण जात नसे. शुक्रवारी त्यांनी तुराटी तिसऱ्या खुणेपर्यंत ओली करून घेतली आणि अकोला गाठलं.

अकोल्यात जिनिंग फॅक्टऱ्यांच्या मागे महादेवराव मिस्त्रीचं दुकान होतं. बॉयलरवरचे मीटर दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा सगळ्या वऱ्हाडात नव्हता. पुलावरून कोसळून मोडलेल्या एका मोठ्या गाडीचे पाच मीटर त्याच्याकडे धूळ खात पडले होते. काळ्या चकत्या, पांढरे आकडे, भोवती पितळी कड. मोरोपंतांना ते पाहताक्षणीच आवडले. महादेवरावानं जुने मीटर उपसून काढले, फळीची भोकं कानशीनं मोठी केली, नव्या तारा ओढल्या आणि दोन दिवस खपून पाचही मीटर बसवले.

"आता हे काटे तुमाले खोटं सांगनार नाईत, वकीलसाहेब," तो हात पुसत म्हणाला. "जुने माह्यापाशी राहू देता काय?"

"ठेव, ठेव. मला ते डोळ्यांसमोर नकोत."

घरी येताच मोरोपंतांनी चारुशीलेला शेडमध्ये बोलावून नेलं आणि नव्या सुनेची ओळख करून द्यावी तशी एकेका मीटरची ओळख करून दिली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आता हे खरं सांगतील?" तिनं विचारलं.

"अगदी खरं."

"हा वेगाचासुद्धा?"

"तो तर सगळ्यात आधी."

चारुशीला "बरं," म्हणाली आणि आत गेली. कौतुकानं तिला शब्द सुचले नाहीत, असा मोरोपंतांनी त्याचा अर्थ लावला. वीस वर्षं वकिली करूनही माणसाला स्वतःच्या बायकोची साक्ष वाचता येतेच असं नाही.

रविवारी गाडी नागपूर रस्त्याला लागली. मोरोपंतांचा पाय सवयीनं खाली गेला आणि काटा झोपेतून उठल्यासारखा सरसर वर चढला. पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस.

"अहो, थांबवा," चारुशीला म्हणाली.

"काय झालं?"

"काटा विसाच्या पुढे गेला. मी उतरते."

आणि ती खरोखरच उतरली. आजूबाजूला कपाशीच्या पऱ्हाटीचं शेत, वर ऊन, आणि बाभळीखाली पदर सावरून उभी राहिलेली वकिलीणबाई. मोरोपंतांनी गाडीतून वाकून पुष्कळ समजूत घातली. आई इथे नाही, रस्ता मोकळा आहे, काटा नवा आहे म्हणून जरा उत्साहात असेल, असे एकाहून एक कच्चे मुद्दे मांडले. शेवटी विसाच्या पुढे जाणार नाही असं त्यांनी कबूल केलं, तेव्हा ती आत बसली.

मग सुरू झाला वीस मैलांचा प्रवास. सावकाश चालणं त्या गाडीच्या रक्तात नव्हतं. ती गुदमरत, आचके देत चालली आणि पाण्याचा काटा वर वर सरकू लागला.

"हा लाल रेघेजवळ चाललाय," चारुशीला म्हणाली.

"चालू दे."

"काल तुम्हीच म्हणालात की लाल रेघ वाईट असते."

पहिल्या विहिरीशी थांबून पाणी घातलं. पुढच्या मैलावर पेट्रोलच्या काट्यानं पाऊण टाकी रिकामी दाखवली आणि तुराटी तर घरी राहिली होती. आता काट्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हेच मोरोपंतांना ठरवता येईना. अंजनगाव, विहीर, कान, यातलं अवाक्षरही त्या दिवशी निघालं नाही. चारुशीला पाचही काट्यांवर नजर ठेवून ताठ बसली होती.

मळ्यावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. किसनराव बांधावर उभा होता आणि त्याची बायको पार्बताबाई वांग्यांची पाटी घेऊन बसली होती.

"आज कावून इतका उशीर, वकीलसाहेब?" किसनराव म्हणाला. "गाडी बिघडली काय? दर आईतवारी तं तुमी अशी धूळ उडवत येता का आमची बैलं दावं तोडून राह्यली असते."

"अन् बाई अशा हासत असते," पार्बताबाईनं भर घातली. "पदर कुठं, केस कुठं. म्या आमच्या यायले म्हनतो, मले बी एक डाव बसवा म्हना तुमच्या गाडीत."

चार वर्षांचं बिंग दोन वाक्यांत बाहेर पडलं होतं. मोरोपंतांनी चोरून बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून वांगी निवडत होती. घरी पोचल्यावर ओसरीवरचा प्रश्न आला तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "आज पंचेचाळीसवर गेला होता, आई. मी उतरले."

"उतरलीस ना? मग झालं," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि मुलाकडे अशा काही बघत राहिल्या की तो न जेवताच झोपला.

पुढच्या रविवारी चारुशीलेचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी पापडांचं पीठ भिजवलेलं होतं. फसवलं म्हणून ती रागावली, याबद्दल मोरोपंतांना शंका उरली नाही. ते एकटेच एकदा फेरी मारून आले. काटे उत्तम चालत होते. शेजारची जागा रिकामी होती आणि पन्नासच्या वेगातसुद्धा रस्ता संपता संपत नव्हता. चार वर्षं आपण गाडी चालवायला नाही, तर तिचं बोलणं ऐकायला जात होतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं.

सोमवारी कोर्ट बुडवून ते अकोल्याला गेले.

"महादेवराव, माझा जुना वेगाचा मीटर परत बसवून दे."

महादेवरावाचा चेहरा फुलला. त्यानं फडताळातून मीटर काढला आणि मागची खुंटी बोटांनी फिरवली. काटा शून्यावरून साठपर्यंत झोकात गेला आणि परत आला.

"मले वाटलंच होतं तुमाले त्याची याद येईन. म्या रिकाम्या वेळात खोलला. आत एक दात अडकेल होता. मोकळा करून देल्ला."

मोरोपंतांनी खुंटी स्वतः फिरवून पाहिली. "पुन्हा वीसवर अडकवता येईल?"

"काय?"

"अडकव. काय मागशील ते देतो."

महादेवरावानं मीटर जवळ ओढून घेतला. "वकीलसाहेब, बॉयलरवर म्या बावीस वर्सं काढले. काटा खोटं सांगे म्हनून फुटेल बॉयलर ह्या डोळ्यानं पाह्यला. खराब काटा चांगला कराचा तं सांगा, फुकट करतो. चांगला काटा खराब कराले माहा हात उठत नाई."

त्यापुढे युक्तिवाद करण्यात अर्थ नव्हता. घरी येऊन मोरोपंतांनी माजघरात कोणी नसल्याचं पाहून चारुशीलेला गाठलं आणि शेवटचा मार्ग धरला. त्यांनी गुन्हा कबूल केला.

"चार वर्षं मी तुला फसवलं," ते म्हणाले. "तो काटा अडकलेला होता. आपण वीसनं कधी गेलोच नाही."

चारुशीला तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दसऱ्यापासून. गाडीची पूजा मीच करते ना. कुंकू लावताना पाहिलं, काटा वीसवर. शेडमध्ये उभी असलेली गाडी वीस मैलांनी कुठे जाते हो?"

वीस वर्षं लोकांच्या उलटतपासण्या घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी सुचला नव्हता. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर संपलंच असतं. मी बेल उचलला तो काट्याबद्दल. काटा पुढे गेला नाही आणि मी आईंशी खोटं बोलले नाही." ती पुन्हा तांदळात बघायला लागली. "मला जोरात जायला फार आवडायचं. आठवडाभर मी त्याचीच वाट पाहून राहायची."

मोरोपंतांना एकदम हुरूप आला. "मग मीच खिळा घालून अडकवतो की तो काटा."

"आपोआप अडकलेला काटा वेगळा, आपण अडकवलेला वेगळा. तुम्ही वकील आहात, तुम्हाला हे मी सांगायला पाहिजे का?" मग ती हळूच म्हणाली, "आणि आता तर तुम्ही तोंडानं सांगितलंत. इतके दिवस मी नुसतं पाहिलं होतं. आता मला ठाऊक नाही असं म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही. कशाला सांगितलंत?"

नवे मीटर बसवले ही एक चूक झाली होती, पण ती महादेवरावाच्या नावावर घालता येण्याजोगी होती. ही दुसरी मोरोपंतांची एकट्याची होती.

रविवारी चारुशीला स्वतःहून गाडीत येऊन बसली. नवऱ्याचा उतरलेला चेहरा तिला बघवत नव्हता. गाडी विसानं निघाली. मोरोपंतांनी मुद्दाम अंजनगावचा विषय काढून पाहिला. ती "हो" म्हणाली आणि काट्याकडे बघत म्हणाली, "अठरा." थोड्या वेळानं म्हणाली, "एकोणीस." पापण्यासुद्धा न हलवता ती काटा सांभाळत होती. आपली नजर चुकली आणि काटा पुढे गेला तर आपली शपथ मोडेल, ही काळजी तिला होती.

नांदगाव पेठ मागे पडलं आणि पाठीमागून नागपूरची मोटारबस कर्णा वाजवत आली. टपावर ट्रंका, पायरीवर माणसं, आणि खिडकीतून एक बाई डोकं बाहेर काढून वारा खात होती. बस धुरळा उडवत त्यांच्यापुढे निघून गेली. चारुशीला मान उंच करून, ती वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"केवढ्यानं गेली असेल हो?" तिनं विचारलं.

"चाळीसनं असेल."

"चाळीस," ती म्हणाली. तिनं तोंडावरची धूळ पदरानं हलकेच पुसली आणि पुन्हा समोर पाहिलं. "अहो, एकवीस झालेत. कमी करा."