ब्रेकमास्तरांचा खरा आवाज

"आवाजाचं एवढं काय घेऊन बसलात? रस्त्याच्या त्या टोकाला उभ्या राहा, तिथंही ऐकू येईल माझा!"

ब्रेकमास्तरांनी दवाखान्यात पेशंटचे आवाज जपून ठेवणाऱ्या आवाजवाल्या मुलीला छातीठोकपणे सांगितलं. गाडी शिकवता शिकवता 'ब्रेक!' असं ओरडण्यातच त्यांची हयात गेली होती. आता ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच निघणार होतं. त्याआधी वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची, म्हणजे पुढे मशीन त्यांच्याच आवाजात बोलणार!

शांतता हवी म्हणून त्यांनी शिकवणीची गाडी निवडली. काचा बंद केल्या आणि ते आपल्या नेहमीच्या, शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले. शेजारी स्टिअरिंगमागे बायको वाक्यांचा कागद धरून बसली. पहिलंच वाक्य होतं, 'मला बोलता येत नाही.'

मास्तरांच्या तोंडून मांजराच्या पिलासारखा आवाज निघाला! उद्या हे खरंच म्हणावं लागणार होतं ना!

"हे कोण बोललं?" बायकोनं विचारलं.

"मीच."

"छे! हा मेला मिळमिळीत आवाज मला नको. जन्मभर का मी परक्या माणसाशी बोलू?"

आणि लग्न झाल्यापासून स्टिअरिंगला हात न लावलेल्या त्या बाईनं सरळ किल्ली फिरवली!

"अगं, काय करतेयस?"

"तुम्ही वाचा!"

गाडीनं उडी मारली. समोर कचऱ्याचे डबे, डब्यांमागे भिंत! मास्तरांच्या पायाशीही ब्रेक होता, पण पायात माइकची वायर अडकलेली.

"क्लच! क्लच सोडू नकोस! अगं बाई, भिंत! ब्रेऽऽक!"

डबे आडवे झाले. गाडीचं नाक चेपलं. बायको पदर सावरत म्हणाली, "हां! हे आमचे हे!"

मग गाडी मागे घेता घेता आणखी तासभर रेकॉर्डिंग झालं. ते ऐकून आवाजवाली मुलगी तर खूशच झाली.

ऑपरेशननंतर मास्तरांना जाग आली. घशात नळी होती. ओठ हलले, पण आवाज नाही. इतके ते जन्मात घाबरले नव्हते. त्यांनी चाचपडत मशीन जवळ ओढलं आणि टाइप केलं, 'तू आहेस ना?'

मशीन कडाडलं, "तू आहेस ना!!!"

नर्स ट्रॉलीसकट जागीच थांबली. शेजारचा पेशंट उठून बसला. खुर्चीत डोळा लागलेल्या बायकोनं दचकून उजवा पाय जमिनीवर दाबला.

"आहे हो, इथंच आहे! ओरडताय कशाला?" असं म्हणून ती हमसाहमशी रडायला लागली.

मास्तरांनी खजील होऊन लिहिलं, 'मी हळूच विचारलं होतं.'

तेही सगळ्या वॉर्डानं ऐकलं.