वाट चुकण्याची शक्यता नाही

आपली परीक्षा आहे, हे बाबांना गाडीत बसतानाच कळलं. नाहीतर मुलाने पुढचं दार अदबीने उघडून धरून, "बाबा, रस्ता तुम्ही सांगायचा हं," असं कशाला म्हटलं असतं? बाबांनी उभी हयात शहराची बस चालवली होती. डेपोत त्यांना सगळे टॉपगिअर म्हणत. त्या माणसाला तळ्याचा रस्ता विचारायचा म्हणजे माशाला पोहता येतं का विचारण्यातला प्रकार. एवढ्यात मागच्या सीटवरून मुलीने अगदी सहज आवाज काढून विचारलं, "बाबा, आज वार कोणता हो?"

"तुम्ही तिघंही घरी आहात म्हणजे रविवार," बाबा म्हणाले.

मागे मुलीने आणि सुनेने एकमेकींकडे पाहिलं. उत्तर बरोबर होतं, पण रीत चुकली होती. गुण द्यावेत की कापावेत, हे दोघींना ठरवता येईना.

आईला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. तेव्हापासून बाबा घरी एकटेच राहत आणि हल्ली थोडे घोटाळे करत. दुधाचं पातेलं एकदा कपड्यांच्या कपाटात सापडलं. किल्ली रात्रभर बाहेरून कुलपालाच लटकत राहिली. भाऊबहिणीची फोनवर बरीच खलबतं झाली आणि बाबांना मुलाकडे आणायचं, घर बंद करायचं, असं जवळजवळ ठरलं. "पण आधी एकदा डोळ्यांनी बघू या तरी," असं सून म्हणाली, म्हणून ही तळ्याची फेरी. बाबांना यातलं कोणी काही सांगितलं नव्हतं आणि बाबांना सगळं कळलं होतं. त्यांना घर सोडायचं नव्हतं. त्यासाठी आज चुकायचं नाही, असं ठरवून ते बुटांना पॉलिश करून आले होते.

फाटकातून आत गेल्यावर पहारेकऱ्याची खोली होती आणि तिच्या शेजारी एक भलामोठा फलक. त्यावर लिहिलं होतं, 'तळ्याभोवतीची फेरी. सोपी, सपाट, सहकुटुंब आनंद घेण्याजोगी. वाट चुकण्याची शक्यता नाही.' फलकाच्या पलीकडे, वाटेला लागूनच, झाडाखाली एक बाक होता.

हा बाक आईचा. तिचे गुडघे पहिल्यापासूनच कुरकुरणारे, त्यामुळे मुलं लहान असल्यापासून ती कधी फेरीला आलीच नाही. सगळ्यांच्या पिशव्या, चपला, नंतरच्या काळात फोन, असं सगळं आपल्या कापडी पिशवीत घेऊन ती बाकावर बसायची आणि म्हणायची, "तुम्ही जाऊन या, मी आहे." तिचा एकच नियम होता. चुकामूक झाली तर कोणी कोणाला शोधायचं नाही, सरळ बाकावर यायचं. बाबांना तर बसवतच नसे. जन्मभर बसून काम केलेला माणूस, सुट्टीच्या दिवशी बसतो कशाला? ते सगळ्यांच्या पुढे तरातरा चालत सुटायचे.

आज सगळे बाकापाशी आले. सवयीने मुलाने खिशातून फोन काढला आणि बाबांच्या हातातल्या त्याच कापडी पिशवीत टाकला. मुलीने टाकला. सुनेनेही टाकला. आणि मग पिशवी घेऊन बसणारं कोणी नाही, हे तिघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं.

"मी धरतो," बाबा म्हणाले. "चला."

कोणी बाकाकडे पाहिलं नाही.

बाबा पुढे निघाले. मागे भाऊबहिणीची कुजबूज सुरू झाली, आणि कुजबुजताना माणूस सावकाश चालतो.

"दम लागत नाही त्यांना," मुलगी म्हणाली.

"पायांचा प्रश्नच नाहीये. डोक्याचा आहे," मुलगा म्हणाला.

"हळू बोला, ऐकू जाईल," सून म्हणाली. ती मात्र जरा मोठ्यानेच म्हणाली.

वळणापलीकडे झाडांच्या आड स्वच्छतागृह होतं. बाबांना तिथे जाणं भाग होतं. एरवी त्यांनी हाक मारून सांगितलं असतं, पण सुनेसमोर सांगायचा संकोच आणि शिवाय इतक्या लवकर जावं लागलं म्हणून गुण कापले गेले तर? ते गुपचूप आत शिरले. मागची मंडळी भांडतभांडत वळण ओलांडून पुढे गेली. समोर बाबा नव्हते, पण समोर बाबा नसण्याची या घराला सवय होती. टॉपगिअर पुढे गेला असेल, असं समजून तिघं चालत राहिले ते थेट लाकडी पुलापर्यंत. पुलावरून तळ्याची पुढची सगळी वाट दिसत होती. तिच्यावर बाबा नव्हते.

"अरे देवा," मुलगी म्हणाली.

"घाबरू नका. गोल वाट आहे, जाणार कुठे?" असं म्हणून मुलाने खिशात हात घातला. मग छातीवरचा खिसा चाचपला. फोन बाबांकडे होता. सगळ्यांचेच फोन बाबांकडे होते.

मुलगा विमा कंपनीत होता, त्यामुळे संकटात योजना आखायची त्याला भारी हौस. त्याने बहिणीला पुढे पाठवलं, स्वतः मागे निघाला आणि बायकोला सांगितलं, "तू इथून हलू नकोस. काही झालं तरी."

इकडे बाबा स्वच्छतागृहातून बाहेर आले. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. नापास होण्याची भीती काय असते, ते पंचाहत्तरीला टेकल्यावर त्यांना नव्याने समजलं. पण चुकामूक झाली की काय करायचं, ते या घरात ठरलेलं होतं. ते मुकाट्याने मागे फिरले आणि बाकावर जाऊन बसले. नेमके आईच्या जागेवर नाही, तिच्या शेजारी. पिशवी मात्र तिच्या जागेवर ठेवली.

थोड्या वेळाने मुलगा धापा टाकत परत आला. बाबा खूश झाले, उठायला लागले. पण बाक जवळ येताच मुलाने मान पाण्याकडे वळवली आणि तो तसाच पुढे निघून गेला. बाबा चक्रावले. मग दुसऱ्या बाजूने मुलगी आली. "अगं!" बाबांनी हाक मारली. बाकाजवळ येताच तिने डोळ्यांवर हात धरला आणि ती जवळजवळ पळतच सुटली. तिला वाटलं, त्या बाकावरून आपल्याला आईची हाक ऐकू येतेय. हल्ली तिला तशी ती बऱ्याच ठिकाणी ऐकू यायची.

तेव्हा बाबांना उमगलं. पोरांना हा रिकामा बाक बघवत नव्हता. आणि बघवत नाही म्हणून तो रिकामा नाही, हेही त्यांना दिसत नव्हतं. त्यानंतर दोघंही एकेकदा पुन्हा तिथून गेले, उलटसुलट, आणि दोन्ही वेळा बाबांना हाक मारता आली नाही.

शेवटी भाऊबहीण पहारेकऱ्याच्या खोलीपाशी एकमेकांवर आदळले. पहारेकऱ्याने ध्वनिक्षेपक पुढे ओढला.

"कपडे कोणते होते आजोबांचे?"

"निळा शर्ट," मुलगा म्हणाला.

"काहीतरीच! पांढरा होता," मुलगी म्हणाली.

"फिकट म्हणू का?" पहारेकऱ्याने तडजोड केली. "चष्मा?"

"आहे."

"वाचताना फक्त," मुलीने दुरुस्ती केली. "की टीव्ही बघताना रे?"

थोड्याच वेळात साऱ्या तळ्यावर आवाज घुमला. "फिकट कपड्यांतले, चष्मा असलेले किंवा नसलेले, एक विसराळू आजोबा हरवले आहेत. कोणाला आढळल्यास फाटकाशी आणावे."

बाबांना त्या आजोबांची फार दया आली. त्यांनी बसल्या जागेवरून इकडेतिकडे बघून त्यांना शोधलंसुद्धा. बाबांच्या स्वतःच्या अंगात चॉकलेटी शर्ट होता, मुलीनेच वाढदिवसाला दिलेला. घोषणा पुढे चालू झाली, "आजोबा बसचे निवृत्त ड्रायव्हर असून त्यांच्या हातात कापडी पिशवी आहे." बाबांनी पिशवीकडे पाहिलं.

विसराळू. साऱ्या तळ्याला ओरडून सांगितलं! बाबांना राग आला, आणि राग सरल्यावर जे उरतं ते रागापेक्षा वाईट असतं. परीक्षा संपली, निकाल लागला, तोही ध्वनिक्षेपकावरून.

पहारेकरी शोधाशोध करत बाकापाशी आला. "काका, एक आजोबा दिसले का हो? फिकट शर्टातले?"

"आजोबा नाही दिसले," बाबा म्हणाले. "पण एक मुलगा आणि एक मुलगी मघापासून गोल गोल फिरताहेत. हरवलीत बिचारी. त्यांचं काहीतरी करा."

"त्यांचेच तर वडील हरवलेत, काका," असं म्हणून पहारेकरी परत गेला आणि त्याने मुलाच्या हातात आपला फोन ठेवला. "अहो, वडिलांना फोन तरी लावून बघा."

मुलाने फोन हातात घेतला आणि तो तसाच उभा राहिला. बाबांचा नंबर त्याला पाठ नव्हता. बायकोचा नव्हता. बहिणीचाही नव्हता. "तू सांग," तो म्हणाला.

"मी नाव दाबते ना," मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "नंबर कोणाला पाठ असतात?"

बाबांच्या डोक्याची तपासणी करायला आलेली ही दोन डोकी. दोघांत मिळून एकच नंबर पाठ होता, घरात पहिला मोबाइल आला तेव्हा घोकून घेतलेला, हरवलात तर लावा म्हणून.

"आईचा आहे," मुलगा म्हणाला.

"तो बंद असेल रे आता."

"असू दे." त्याने तो लावला. का लावला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

रिंग गेली. मुलीने भावाचा दंड घट्ट धरला. मग दोघांनाही ती ऐकू आली, आईच्या फोनची जुनीपुराणी टिणटिण घंटा. ती फलकाच्या मागून येत होती. मग ती थांबली.

"हॅलो," फोनमधून बाबा म्हणाले.

"बाबा? तुम्ही? कुठे आहात?"

"हा फोन असायचा तिथेच."

फलकाला वळसा घालायला चार पावलं पुरत होती, पण ती टाकायला दोघांना फार वेळ लागला. आज पहिल्यांदाच त्यांनी बाकाकडे पाहिलं. बाबा आईचा फोन कानाला लावून बसले होते.

"कधीपासून बसलायत इथे?" मुलगी ओरडली. "दोनदा गेले ना मी इथून!"

"बघितलं की. दोन्ही वेळा तोंड फिरवून गेलीस. चुकामूक झाली की काय करायचं ठरलंय आपलं?"

"बाकावर यायचं."

"मग?"

मुलगी बाबांच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि चॉकलेटी शर्टात तोंड खुपसून रडायला लागली. मुलगा उभाच होता. "तिचा फोन अजून चालू ठेवलाय तुम्ही?" त्याने विचारलं.

"रोज चार्ज करतो. दूध कुठे ठेवलं ते विसरतो कधीकधी. हे नाही विसरत." बाबांनी फोन पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला. "तर काय ठरलं? पास की नापास?"

मुलाने गाडीत जुळवून आणलेलं वाक्य 'बाबा, आता तुम्ही आमच्याकडे' असं सुरू होत होतं. त्याने तोंड उघडलं, पण त्यातून वेगळंच काहीतरी बाहेर आलं. "बाबा, मला फक्त तिचाच नंबर पाठ आहे."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "म्हणून तर सांगतो, मी कुठेही येत नाही. सगळेच फिरायला लागले तर परत यायचं कोणाकडे? कोणीतरी एका जागी बसायला लागतं. इतके दिवस ते काम तिच्याकडे होतं, आता माझ्याकडे आलंय. कुलपाला किल्ली राहिली तर शेजारी सांगतात, त्याचं एवढं काही नाही." त्यांनी बाकावरची पिशवी सरळ केली. "मला जमत नाही अजून. पण शिकेन."

मुलगा खाली बसला. पिशवी त्याने मांडीवर घेतली आणि आईच्या जागेवर तो अंग चोरून टेकला. तिघं तसेच बसून राहिले. वाटेवरून माणसं फेऱ्या मारत होती आणि कोणीच चुकत नव्हतं.

बऱ्याच वेळाने बाबांनी विचारलं, "सूनबाई कुठाय?"

भाऊबहिणीने एकमेकांकडे पाहिलं. सून पुलावर होती. काही झालं तरी हलायचं नाही, असं तिला सांगितलेलं होतं आणि या कुटुंबात सांगितलेलं ऐकणारी ती एकटीच. घोषणाही तिने ऐकली असणार. मघापासून ती येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोटो काढून देत होती आणि प्रत्येकाला विसराळू आजोबांबद्दल विचारत होती.

"आता मेलो," मुलगा म्हणाला.

"जा दोघं, घेऊन या तिला. एकाच बाजूने जा, नाहीतर पुन्हा गोंधळ घालाल. फोन घ्या."

मुलाने पिशवीत हात घातला, मग काढून घेतला. "राहू देत इथेच," तो म्हणाला.

"जाऊन या," बाबा म्हणाले. "मी आहे."

दोघं निघाले. थोडं गेल्यावर मुलगी वळली आणि तिने बाकाकडे पाहिलं. आणखी थोडं गेल्यावर मुलगा वळला. बाबांनी दोन्ही वेळा हात वर केला. वळणापाशी दोघांनी मिळून पुन्हा एकदा पाहिलं आणि मग ते दिसेनासे झाले.

बाबांनी पिशवी जवळ ओढली. त्यांना पुन्हा स्वच्छतागृहाला जायचं होतं, मघापेक्षा जास्त घाईने. ते अर्धवट उठले, वाटेकडे पाहिलं आणि पुन्हा बसले. बाक कडक होता, पाठीला टेकायला धड जागा नव्हती, आणि फेरी संपायला अजून बराच वेळ होता. हे ती दर वेळी कसं करत होती, हे तिला विचारायचं राहून गेलं होतं. बाबा पायावर पाय घट्ट टाकून बसून राहिले.