ढगळ पँटचं पथ्य

अनाएली शिंप्याने आपली आवडती घट्ट पँट काढून थोरल्या भावाची जुनी ढगळ पँट चढवली आणि तो दुकानाकडे निघाला, तेव्हा त्याच्या बायकोला, आयकांडेला, हसू आवरेना.

"हसू नकोस. नर्सबाईंनी सांगितलंय म्हणून घालतोय."

"मी कुठे हसतेय? पण पट्टा आवळ जरा, नाहीतर चर्चपाशी पोचेपर्यंत हातात येईल."

त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मारांगू गावाच्या त्या डोंगरचढावर बाईला पहिल्या लेकराच्या नावाने हाक मारतात: अमक्याची मामा, म्हणजे आई. आयकांडेच्या मैत्रिणी एकेक करून कुणाची ना कुणाची मामा झाल्या, आयकांडे मात्र नुसती आयकांडेच राहिली. शेवटी दोघं मिशनच्या दवाखान्यात गेली. नर्सबाईंनी आयकांडेला गोळ्या दिल्या, पालेभाजी वाढवायला आणि चहा कमी करायला सांगितला. मग त्या अनाएलीकडे वळल्या. "जमिनीची मशागत करायची तर बियाणंही पारखायला नको का? दारू बंद, सिगारेट बंद, आणि ही पँट आधी फेका. तिथे गारवा लागतो, हवा लागते." अनाएली छताकडे बघत राहिला. त्यालाही कसल्याशा गोळ्या मिळाल्या.

बाहेर येताच त्याने बायकोला शपथ घातली. "हे कुणाला कळता कामा नये. लोक मला गुत्त्यावर जगू देणार नाहीत."

"गुत्त्यावर जायचंच नाहीये तुला."

"तेही खरंच," तो खिन्नपणे म्हणाला.

घोळ इथेच सुरू झाला. गुत्ता मामा किवियाचा, केळ्याची दारू तीच गाळायची. त्या म्बेगेचा पहिला तुंबा रोज संध्याकाळी अनाएलीच्या हातात पडायचा. तो यायचा बंद झाला, म्हणून ती चौकशीला दुकानात आली. बघते तर शिंपी ढगळ कपड्यांत बसलाय आणि पाण्याबरोबर गोळी गिळतोय. अनाएलीची पँट म्हणजे त्याच्या धंद्याची पाटी होती. ती मांड्यांना चिकटलेलीच असायची, हे सगळ्या चढाला ठाऊक. मामा किवियाने तिथल्या तिथे हिशेब जुळवला. पँट सैल झाली म्हणजे माणूस खंगला, म्बेगे सुटली म्हणजे आतून पोखरला, आणि गोळ्या चालू आहेत म्हणजे दवाखान्यानेही हात टेकलेत.

दोन दिवसांत लोक अनाएलीशी हळू आवाजात बोलू लागले. शिवायला टाकलेले कपडे लोक अर्धवटच परत नेऊ लागले. एकाने तर तोंडावर सांगितलं, "दादा, तू आराम कर. लग्नाचा कोट आहे, राहून गेला तर पंचाईत व्हायची."

रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली. अनाएलीनेही डोळे मिटून मनापासून 'आमेन' म्हटलं. कुणासाठी चाललीय, हे त्याला घरी आल्यावर कळलं.

मग त्याची आई आली. दोन कोंबड्या बगलेत मारून, रडतच. "माझं लेकरू! आणि तू गं, मला कळवलं नाहीस?"

"आई, काही झालेलं नाही त्यांना."

"मग ही पँट?"

आयकांडेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच हात जोडले. ती गप्प बसली आणि सासूची खात्रीच पटली.

पुढच्या शनिवारी सगळी भावकी अंगणात जमली. एन्देसारियो काका सगळ्यांत वडील. त्यांनी बकरा आणला होता. काठीवर हनुवटी टेकवून त्यांनी पुतण्याला जवळ बसवलं. "बाळा, माणसाने घाबरू नये. एवढंच सांग, केळीच्या बागेत तुला कुठली बाजू आवडेल? तुझ्या बापाच्या थडग्याशेजारी ओल फार आहे."

"कशासाठी काका?"

काकांनी मान खाली घातली. मागे बायकांनी हुंदके काढले. अनाएली पांढराफटक पडला. नर्सबाईंनी आपल्यापासून काही लपवलं की काय, अशी शंका त्याला स्वतःलाच आली.

आता मात्र आयकांडेचा बांध फुटला. "कुणी मरत नाहीये! आम्हाला मूल हवंय! त्याची तयारी चाललीय, बास!"

बकराही ओरडायचा थांबला.

"मुलाचं समजलं," काका सावकाश म्हणाले. "पण त्यात पँटीचा काय संबंध?"

आयकांडेचे कान तापले. तरी तिने पदरचं काही न घालता नर्सबाईंचं सगळं सांगितलं, उष्णतेचं, हवेचं, म्बेगेचं. ऐकता ऐकता एकेक पुरुष मांडी सोडून पाय लांब करून बसला. आईने डोळे पुसले आणि लेकाच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा तोल गेला. "मेल्या, एवढी चांगली गोष्ट लपवतोस?"

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच बाहेर पुरुष उभे होते. सगळ्यांना ढगळ पँटी हव्या होत्या. अनाएलीने मान वर न काढता मशीन चालवली. गुत्त्यावरची गर्दी विरळ झाली, माणसं उजेड असतानाच घरी जाऊ लागली. धंदा बसला म्हणून मामा किविया चिडली, पण दार लवकर लावून तीही नवऱ्यासोबत घरी बसू लागली.

पुढच्या वर्षी चढावर घरोघरी पाळणे हलले. मामा किवियाला तर थोरली मुलगी लग्नाला आलेली असताना जुळं झालं. आयकांडे प्रत्येक बाळंतिणीकडे केळ्या-मटणाचं घट्ट सूप, मटोरी, घेऊन जायची, बाळ मांडीवर घ्यायची, हसायची. परतताना वाटेत थोडा वेळ एकटीच थांबायची. घरी आली की अनाएली काही न विचारता तिच्यासाठी पालेभाजी वाढायचा. ते दिवस आठवले की आजही तिला आधी ती ताटली आठवते.

ती पुन्हा दवाखान्यात गेली, तेव्हा नर्सबाईंचे डोळे जागरणाने तांबारले होते.

"नवरा पथ्य पाळतो ना?"

"पाळतो बाई. त्याचं बघून सगळा चढ पाळतो."

नर्सबाई खुर्चीत मटकन बसल्या. "म्हणजे हे तुमचं काम! अहो, माझ्याकडे खाटा उरल्या नाहीत!"

त्या खऱ्याच उरल्या नव्हत्या. पावसाळा उलटल्यावर आयकांडेच्या लेकीचा, मांकाचा जन्म झाला तो दवाखान्याच्या व्हरांड्यात, जमिनीवर टाकलेल्या गादीवर. सगळ्या खाटांवर अनाएलीच्या गिऱ्हाइकांच्या बायका बाळंत झाल्या होत्या.